हस्ताक्षर बाबांचं

माझ्या मामेबहिणीची मुलगी आठ वर्षांची आहे आणि पियानो शिकते. घरी स्टँडवर ठेवलेला डिजिटल पियानो आहे, खरा क्लासमध्ये. तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर एक खातं आहे. 'खातं आईबाबा सांभाळतात' असं वर स्वच्छ लिहिलेलं आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मध्यंतरी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. पानं वाढलेली, आणि माझा फोन वाजला. त्या खात्यावर नवी पोस्ट पडली होती. 'आज क्लासमध्ये माझ्या डाव्या हाताच्या खूप चुका झाल्या. माझाच सराव कमी पडला. पण मी हार मानणार नाही! उद्यापासून रोज जास्त वेळ बसणार.' मी मान वर केली. जिच्या डाव्या हाताच्या चुका झाल्या होत्या ती समोर बसून पुरीत श्रीखंड भरून तिची गुंडाळी करण्यात गढून गेली होती. तिच्या बाबांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही काहीच घेत नाही. अहो, अजून एक पुरी घ्या."

तसा माणूस वाईट नाही. क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला. ऑफिसातून धावतपळत येऊन हा तिला स्कूटरवर घेऊन जातो, तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसून राहतो, येताना भेळ खाऊ घालतो. आपल्याला लहानपणी काही शिकायला मिळालं नाही हे तो हसत हसत सांगतो, पण सांगतो दर वेळी. पोस्टखाली टाळ्यांचा पाऊस पडला होता, त्यात आमची मामीही होती. तरीही 'माझाच सराव कमी पडला' हे वाक्य माझ्या मागे लागलं. आठ वर्षांचं पोर असं बोलत नाही. ते म्हणतं, टीचर उगीच ओरडतात. नाहीतर म्हणतं, मला कंटाळा आला होता. रात्री रिक्षातून परत येताना मला एकदम क्लारा आठवली.

क्लारा वीक, पुढे क्लारा शुमान, जर्मन पियानोवादक आणि रचनाकार. जन्म लाइपझिगचा, १८१९ चा. वडील फ्रीडरिश वीक पियानो शिकवायचे, पियानो विकायचे, स्वरलिपीची पुस्तकं भाड्यानं द्यायचे. मुलगी चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. तिला ऐकू येत नसावं असंच घरच्यांना वाटत होतं. मग आईवडिलांचा काडीमोड झाला. आई मारियान स्वतः उत्तम गाणारी-वाजवणारी, पण तिथल्या कायद्यानं मुलं बापाची. पाचव्या वर्षी क्लारा बापाच्या घरी आली आणि पियानोसमोर बसली. ती सात वर्षांची असताना, ७ जून १८२७ ला, वडिलांनी तिच्यासाठी एक रोजनिशी सुरू केली. पहिल्याच पानावर लिहिलं, की ही माझी रोजनिशी, माझ्या वडिलांनी सुरू केलेली आणि पुढे क्लारा योझेफीन वीकनं चालू ठेवलेली. पुढची कित्येक वर्षं त्या वहीत वडीलच लिहीत राहिले. अमुक दिवशी मी अमुक वाजवलं, लोकांनी माझं कौतुक केलं, माझे बाबा असं म्हणाले. 'मी' क्लाराची, अक्षर बापाचं.

त्यातली एक नोंद मला पाठ झाल्यासारखी आहे. आशय असा: माझ्या वडिलांना माझ्यात सुधारणा होईल अशी आशा होती, ती फोल ठरली, मी आळशी, निष्काळजी, गबाळी, हट्टी आणि न ऐकणारी आहे, पियानोतही तशीच, म्हणून त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत ह्युंटेन नावाच्या रचनाकाराच्या व्हेरिएशन्सचे, म्हणजे एकच चाल रूपं बदलत वाजवायच्या रचनेचे, कागद फाडून टाकले, आणि आता मला नुसते स्केल्स, म्हणजे सुरांचे आरोह-अवरोह, क्रामरचे आणि चेर्नीचे अभ्यासपाठ एवढंच वाजवायला मिळेल. पोराला रागावणं सगळीकडे आहे. आमच्याही आळीत पेटीवर हात चुकला की बोटांवर पट्टी बसायची. पण पट्टी मारणारा पट्टी मारायचा आणि मोकळा व्हायचा. पट्टी खाणाऱ्याच्या तोंडून 'मला पट्टी बसली ते योग्यच झालं' असं कोणी वहीत उतरवून ठेवत नव्हतं.

आता वीकला खलनायक करून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. २० ऑक्टोबर १८२८, क्लारा नुकतीच नऊ वर्षांची झालेली, लाइपझिगच्या गेवांडहाउस या मैफलीच्या सभागृहात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायचं. न्यायला गाडी आली, ही चढली, आणि गाडी भलतीकडेच निघाली. ती होती गावाबाहेर एका नाचाच्या समारंभाला मुलींना घेऊन जाणारी गाडी. कुणीतरी मागून पळत येऊन थांबवली, हिला उतरवलं, योग्य गाडीत बसवलं. गेवांडहाउसला पोचेपर्यंत पोर रडवेली. दारात वडील उभे. हातात खाऊची पुडी. आणि ते म्हणाले, अगं, तुला सांगायचंच विसरलो, पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला निघालेल्यांची अशी अदलाबदल होतेच. ही आठवण क्लारानं स्वतः सांगितलेली आहे. ज्या बापाला इतक्या गडबडीत, पोरीच्या एका नजरेवरून हे वाक्य सुचतं, त्याला तिचं मन कळत नव्हतं असं कसं म्हणू? त्यानं तिला भरमसाट तास बसवलं नाही. रोज एक शिकवणी, दोनेक तासांचा सराव, आणि भरपूर पायी फिरणं. बोटं आणि मनगट सैल हवीत, आवाज ठोकून काढायचा नाही, पियानोनं गायला हवं, हे सगळं त्याचं. पुढे सत्तरीपर्यंत तिचा हात टिकला तो या पायावर.

तिला घेऊन तो गावोगाव हिंडला. वायमारला ८२ वर्षांच्या कवी गटेनं तिला ऐकलं. ती बसायला लागली तेव्हा स्टूल तिला ठेंगणं पडतंय हे पाहून म्हाताऱ्यानं स्वतः आतून उशी आणून दिली. १८३८ च्या व्हिएन्नात तर ती अशी काही गाजली की तिथल्या उपाहारगृहांत तिच्या नावाचा केक मिळायला लागला. बादशहानं दरबारी वादक म्हणून किताब दिला. वय वर्षं अठरा, परदेशी, धर्मानं प्रॉटेस्टंट, त्यात मुलगी. मैफलीचा हॉल ठरवणं, तिकिटं, पियानोची वाहतूक, पियानोचं सूर जुळवणं, हिशेब, सगळं बाप बघायचा. आणि ते सगळं त्या वहीत 'मी' म्हणून लिहायचा.

अशी वाढलेली मुलगी पुढे काय लिहील असं वाटतं?

तिनं कॉन्चेर्टो लिहिला, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरुवात केली, आणि १८३५ च्या नोव्हेंबरात, सोळा वर्षांची असताना, स्वतः वाजवला. समोर ऑर्केस्ट्रा, छडी संगीतकार मेंडेल्सनच्या हातात. पहिला भाग बराचसा त्या काळच्या दिमाखदार वादनाच्या धाटणीचा आहे, बोटांची आतषबाजी, टाळी वसूल. तो मी पुष्कळदा पुढे ढकलते. पण मधला भाग सुरू झाला की हातातलं काम थांबतं. अख्खा ऑर्केस्ट्रा गप्प. आधी पियानो एकटाच, मग पियानो आणि एकच चेलो, खर्जात बोलणारं व्हायोलिनचं मोठं भावंड. चेलो गात असतो आणि पियानो त्याच्या मागे हलके हलके सूर सोडत राहतो, गवयामागे तानपुरा धरून बसलेल्या माणसासारखा, जो स्वतः गाऊ शकतो पण आत्ता गाणार नाही. एवढे साजिंदे स्टेजवर बसवून ठेवायचे आणि त्यांना वाजवूच द्यायचं नाही, ही हिंमत सोळाव्या वर्षी कुठून आली? ती बापाच्या शिकवणीत नव्हती. पुढे तिच्या नवऱ्यानं, रॉबर्ट शुमाननं, आपला कॉन्चेर्टो लिहिला तोही तिच्यासारखाच ए मायनर या स्वरपट्टीत, आणि त्याच्याही मधल्या भागात चेलो डोकं वर काढतात. आणखी कितीतरी वर्षांनी त्यांचा मित्र, संगीतकार ब्राम्स, याच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोत, संथ भाग सुरू होताच, एकटा चेलो गायला लागतो. हे दोघंही तिच्या घरातले. मी यातून काही सिद्ध करत नाही, पण एकापाठोपाठ एक ऐकून बघा.

रॉबर्टबरोबरच्या लग्नाची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे, सिनेमाला शोभेल अशीच. वीकचा शिष्य, वीकच्याच घरात राहिलेला, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. बापाचा विरोध, चोरून पत्रं, शेवटी कोर्ट. बापानं जावयावर दारुडेपणासकट हवे ते आरोप केले. निकाल लागला आणि १२ सप्टेंबर १८४० ला लग्न झालं. दुसऱ्या दिवशी तिला एकवीस पूर्ण झाली, म्हणजे आणखी एक दिवस थांबले असते तर बापाच्या परवानगीची गरजच उरली नसती. त्या एका दिवसाचा हट्ट मला फार आवडतो.

पण मला थांबावंसं वाटतं ते त्याच्या जरा आधी, १८३९ च्या नोव्हेंबरात. क्लारा वीस वर्षांची. बापापासून तुटलेली, बर्लिनला आईकडे राहते आहे. रोजनिशी आता खरोखर तिच्या हातात आहे, वरून कुणी डोकावत नाही. आणि या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात ती लिहिते, की एकेकाळी मला वाटायचं माझ्यात नवनिर्मितीची प्रतिभा आहे, पण तो विचार मी सोडून दिला आहे. बाईनं रचना करण्याची इच्छा धरू नये. आजवर एकीलाही ते जमलेलं नाही, मग मीच ती असेन असं का मानावं? कॉन्चेर्टो लिहून झालेला, छापून झालेल्या कृतींचा अंक दहापर्यंत गेलेला, तेव्हाचं हे वाक्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे बापाचंच बोलणं, पोरीच्या पेनातून उतरलेलं. पण हिशेब लागेना. कारण वीकला तिच्या रचना हव्या होत्या! त्या काळी वादकानं मैफलीत स्वतःचं काहीतरी वाजवायचंच असा रिवाज होता, आणि तिच्याकडून ते लिहून घेण्यात तो मागे हटला नव्हता. मग रॉबर्ट? त्याला तर याहून जास्त हव्या होत्या. लग्नानंतर दोघांनी मिळून र्‍युकर्टच्या कवितांना चाली दिल्या, बारा गाण्यांचं एकच पुस्तक काढलं. त्यातली तीन तिची, पण कुठली तीन ते पुस्तकात छापलंच नाही. समीक्षक ओळखत बसले. रॉबर्टला हे अद्वैत फार गोड वाटलं असणार. मला त्या तीन गाण्यांवर नाव नसलेलं टोचतं, आणि तिला ते टोचलं असेल याचा मात्र काही पुरावा नाही.

तिला कुणीच नको म्हटलं नव्हतं. त्रास तो आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रॉबर्टनं तिला आणखी एक रोजनिशी दिली, नवराबायकोची दोघांची. एक आठवडा त्यानं लिहायचं, एक तिनं. या दांपत्याचं लाइपझिगचं पहिलं घर, इन्सेलश्ट्रासवरचं, मी पाहिलं आहे. कंपनीच्या कामानं जर्मनीत होते तेव्हा. बाहेरून भारदस्त इमारत, त्यात आता एक प्राथमिक शाळाही भरते. आत स्वच्छ, चकचकीत, जरा जास्तच चकचकीत, संग्रहालयाला हल्ली येते तशी कळा. मी उभी होते आणि मनात भिंती मोजत होते. इथून तिथे आवाज जात असेल का? जात होता. १८४१ च्या जूनमधली तिची नोंद आहे: माझं पियानो वाजवणं मागे पडतं आहे, रॉबर्ट रचना करत असला की नेहमी हे होतं, सगळ्या दिवसात एक लहानसा तासही माझ्या वाट्याला येत नाही. त्याला शांतता लागायची. त्याची चूक नाही. डोक्यात सिंफनी चालू असताना शेजारच्या खोलीत कुणी बाखचा फ्यूग घोटत बसलं तर कुणाचंही डोकं उठेल. मग पियानो बंद व्हायचा तिचा. आणि १८४३ मध्ये त्याच वहीत रॉबर्ट लिहितो, अगदी कळवळून, की मुलंबाळं आणि सतत कल्पनेत वावरणारा नवरा यांचं आणि रचनेचं जमत नाही, तिला नियमानं काम करता येत नाही, आणि तिच्या किती खोल कल्पना अशाच वाया जात असतील या विचारानं मला वाईट वाटतं. प्रामाणिक माणूस. सगळं दिसत होतं त्याला. वाईट वाटलं, लिहून ठेवलं, पान उलटलं. आपल्याकडेही अशी पुरुषमाणसं घरोघर भेटतात, आणि त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

१८४१ ते १८५४ या काळात आठ बाळंतपणं. मधल्या मधे दौरे, रशियापर्यंत. १८४९ मध्ये ड्रेस्डेनला बंड झालं तेव्हा नवऱ्याला आणि थोरलीला घेऊन ती आधी बाहेर पडली. मग सातवा महिना चालू असताना रात्री शेतातून चालत परत शहरात गेली आणि मागे राहिलेल्या मुलांना झोपेतून उठवून घेऊन आली. याच सगळ्यात, १८४६ साली, तिनं जी मायनरमधली पियानो ट्रिओ लिहिली, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांची रचना. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम हेच. तिसरा भाग पियानो एकटाच सुरू करतो. साधी, घरातलं आवरून झाल्यावर म्हणावी तशी चाल. मग ती व्हायोलिनकडे जाते. मधेच एकदम वारं फिरतं, लय टोकेरी होते, कुणीतरी दार आपटून गेल्यासारखं. आणि ते शमल्यावर मूळची चाल परत येते ती चेलोच्या गळ्यातून, खालच्या, जड आवाजात. तीच चाल, पण आता ती काहीतरी पाहून आलेली आहे. एका वर्षानं रॉबर्टनं स्वतःची ट्रिओ लिहिली, आणि तिच्यापुढे क्लाराला आपली ट्रिओ बायकी आणि भावुक वाटायला लागली. हे वाचून मी अक्षरशः पुस्तक मिटून ठेवलं होतं. रॉबर्टची ट्रिओ भव्य आहे, वादच नाही. पण परत ऐकावीशी मला हिचीच वाटते.

ड्युसेलडॉर्फला गेल्यावर त्यांना एकदाचं असं घर मिळालं जिथे तिचा पियानो त्याच्या कानापासून पुरेसा लांब होता. लगेच १८५३ च्या उन्हाळ्यात ती लिहायला बसली आणि एका दमात व्हेरिएशन्स, पियानोचे रोमान्स (भावगीतासारख्या छोट्या रचना), व्हायोलिन-पियानोचे तीन रोमान्स, वर गाणी. तिनं तेव्हा लिहिलंय, की निर्मितीच्या आनंदापुढे काही नाही, निदान तेवढे तास माणूस स्वतःला विसरतं आणि नुसत्या सुरांत जगतं. प्रतिभा नाही म्हणून चौदा वर्षांपूर्वी ज्या बाईनं वही मिटली होती तिला काय हवं होतं? एक खोली, जिचा आवाज कुणापर्यंत पोचत नाही.

एक उन्हाळा मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत रॉबर्टनं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. बाहेर काढलं, पण मन ठिकाणावर आलं नाही, आणि त्याला बॉनजवळच्या एंडेनिशच्या मनोरुग्णालयात ठेवलं. डॉक्टरांनी तिला भेटू दिलं नाही, दोन वर्षांहून जास्त. सगळ्यात धाकटा फेलिक्स जूनमध्ये जन्मला. त्यानं बाप कधी पाहिलाच नाही. लोक पैशांची मदत करायला तयार होते, ती घेईना. त्याच शरद ऋतूत ती दौऱ्यावर निघाली. मुलं वेगवेगळ्या घरांत, शाळांत ठेवली. रॉबर्टला ती भेटली ते त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, जुलै १८५६ मध्ये. आणि त्यानंतर, वय सदतिसाच्या आत, तिचं रचना करणं जवळजवळ थांबलं. आता घरात कुणाला शांतता लागत नव्हती. ब्राम्स पाठीशी होता. मैफली, पैसा, नाव, सगळं होतं. तरी थांबलं. याचं सरळ उत्तर बरेच जण देतात, दुःख. मला ते पुरत नाही. जिची प्रत्येक ओळ कुणीतरी बघायला असायचं, आधी बाप, मग नवरा, तिला कोणासाठी लिहायचं हा प्रश्न पडला असेल का? की नुसता वेळच नव्हता, सात मुलांची फी भरायची होती? दोन्ही खरं असेल. माझं मन दिवसाप्रमाणे बदलतं.

तिच्या मैफलींच्या छापील पत्रिका तिनं जपून ठेवल्या होत्या. तेराशेच्या घरात आहेत, आज त्स्विकाउला रॉबर्टच्या जन्मघरात. त्यांत तिची आवडनिवड बदलत गेलेली दिसते म्हणतात. बापानं निवडलेले चमचमीत तुकडे मागे पडतात, बेटोफन, बाख, शोपँ आणि सगळ्यांत जास्त रॉबर्ट येतो. पुस्तक समोर न ठेवता वाजवायचं, हे तिनंच फार लवकर रूढ केलं, आणि आज पियानोवाल्यांची पोरं पाठांतराला घाबरून रडतात त्याचं थोडं पाप तिच्या माथी आहे. १८७८ साली फ्रँकफुर्टच्या होख संगीतशाळेनं तिला शिकवायला बोलावलं. तिथला संचालक राफ म्हणाला होता, की इथे मॅडम शुमान सोडून कुणी बाई नाही आणि नेमणारही नाही; आणि मॅडम शुमानना मी पुरुषच समजतो. पुढे तिच्या हाताखाली तिच्या दोन मुलीच शिकवत होत्या, ते वेगळं. १८८० मध्ये बॉनच्या दफनभूमीत रॉबर्टचं स्मारक उभं राहिलं. वर त्याचा चेहरा, आणि खाली पायाशी बसून मान वर करून त्याच्याकडे बघणारी काव्यदेवता, जिचा चेहरा क्लाराचा. अनावरणाला साठ वर्षांची क्लारा स्वतः हजर. त्या क्षणी तिच्या मनात काय आलं असेल याची मी पुष्कळदा कल्पना करते, आणि दर वेळी ती मला फक्त संगमरवराच्या कामाची बारकाईनं तपासणी करताना दिसते. भावुक होण्याइतका वेळ तिला कधी मिळाला होता?

आणि ती स्वतः कशी आई होती? हे लिहायला मला जड जातं, कारण माझा कल तिच्याकडे आहे. फेलिक्सला कविता सुचायच्या, व्हायोलिनही धरायचा. तिनं त्याला बजावलं, की तू रॉबर्ट शुमानचा मुलगा आहेस, अलौकिक प्रतिभा असेल तरच या वाटेला जा. कविता छापायच्या तर टोपणनावानं छाप असंही सुचवलं. ब्राम्सनं त्याच्या कवितेला चाल लावली, फेलिक्स क्षयानं चोविसाव्या वर्षी गेला. आळशी, निष्काळजी, हट्टी असं ती कुणाच्या वहीत लिहायला गेली नाही. पण मापाची पट्टी घरात होतीच, आणि ती तिच्याच हातात होती. एक मुलगा वेड्यांच्या इस्पितळात, एक मॉर्फिनच्या आहारी जाऊन मेला, त्याची पोरंही आजीनंच सांभाळली. थोरली मारी जन्मभर आईची मदतनीस. धाकटी ऑयगेनी हिनं आठवणी लिहिल्या आहेत, आणि त्यांत आईच्या सकाळच्या सरावाचं वर्णन आहे. स्केल्स, पण नुसते कोरडे नाहीत. या सुरातून त्या सुरात वाट काढत, मधेच तरंगत, मनाला येईल तसे. मोठ्या मैफलीतही ती एक तुकडा संपवून दुसरा घेण्याआधी असंच दोन-चार क्षण स्वतःचं काहीतरी वाजवायची आणि त्यातून पुढच्या सुरात उतरायची. हे त्या काळी पुष्कळ जण करत. कार्यक्रमपत्रिकेत ते छापलं जात नसे, समीक्षक त्यावर लिहीत नसत, त्याला ओपस क्रमांक, म्हणजे छापील कृतीला मिळतो तो क्रमांक, नसे.

म्हणजे १८५६ नंतर तिनं काही रचलं नाही, असं आपण सगळे लिहितो, मीही वर लिहिलं, ते तपासून घ्यायला हवं. रोज सकाळी ती रचत होती. फक्त वहीत उतरत नव्हतं. शेवटी मुलींनीच मागे लकडा लावला, की आई, ते तू आधी जे वाजवतेस ते लिहून ठेव. १८९५ साल. वय शहात्तर, कानानं नीट साथ देणं केव्हाच सोडलेलं, मैफली बंद होऊन चार वर्षं झालेली, मृत्यू जेमतेम सात महिन्यांवर. ती बसली लिहायला. आणि रोजनिशीत कुरकुरली, की हे फार अवघड आहे, कारण ते मी दर वेळी वेगळं वाजवते, पियानोपाशी बसल्यावर जसं सुचेल तसं.